मामांचं मानपत्र

आमच्या बागप्रेमी मंडळात कुणाचा सत्कार करायचा म्हटलं की भांडण ठरलेलं. फुलांवर प्रेम करणारी माणसं स्वभावाने मऊ असतात, असा एक समज आहे. ज्यांनी तो पसरवला त्यांनी आमच्या कार्यकारिणीची सभा पाहिलेली नसावी. एका पाहुण्याच्या गळ्यात हार झेंडूचा घालावा की गुलाबाचा, यावर आमच्या दोन सभा झाल्या होत्या आणि शेवटी बिचाऱ्याला नुसता नारळ मिळाला होता. सत्तरच्या दशकात काही वर्षं मी या मंडळाची चिटणीस होते. शाळेत शिकवायची म्हणून सगळे मला बाई म्हणत, आणि शाळेत शिकवते म्हणजे अक्षर चांगलं असणार, एवढ्या एकाच पात्रतेवर ते पद माझ्या गळ्यात पडलं होतं.

फक्त मामांच्या सत्काराला कुणी हरकत घेतली नाही. आणि नेमके त्याच सत्काराला आम्ही सगळे तोंडावर आपटलो.

मामा नक्की कुणाचे मामा होते, ते मला कधीच कळलं नाही. एका छापखान्यात ते खिळे जुळवत. मंगळवार पेठेत दोन खोल्या, पुढे चार पावलांचं अंगण, आणि त्या अंगणात पाय ठेवायला जागा उरणार नाही इतके गुलाब. घराणं शेतकऱ्याचं. शेती भावाकडे होती आणि हे शहरात आले होते. मंडळाच्या पहिल्या सभेला जी माणसं हजर होती त्यांतली काही वारली, काही मुलांकडे पुण्याला गेली, आणि दोघंतिघं आमच्याशी भांडून घरी बसली होती. उरले एकटे मामा. डॉक्टर, वकील, प्राध्यापक अशी आमची सगळी इस्त्रीची मंडळी. मामा त्यांच्यात मागच्या बाकावर बसायचे, नखांत शाई, आणि सभा संपेपर्यंत एक शब्द बोलायचे नाहीत. पण मंडळातल्या एकाही घरातला गुलाब मामांचा हात लागल्याशिवाय वाढलेला नव्हता.

त्याचं असं की, गुलाबाचं चांगलं झाड आपसूक येत नाही. पावसाळ्यात जंगली गुलाबाची काडी कुंडीत लावायची. जानेवारीपर्यंत ती पेन्सिलीएवढी जाड होते, तिला खुंट म्हणतात. मग त्या खुंटाच्या सालीला बारीक छेद द्यायचा, हव्या त्या जातीच्या गुलाबाचा एक डोळा, म्हणजे सालीच्या तुकड्यासकट काढलेला कोंब, आत सरकवायचा आणि केळीच्या सोपाने, म्हणजे वाळक्या सालपटाच्या पट्टीने, बांधून टाकायचा; याला डोळा भरणं म्हणतात. तीन आठवड्यांनी डोळा हिरवा असला तर लागला. काळा पडला तर गेला. काम दोन मिनिटांचं दिसतं, पण मी सलग तीन वर्षं करून पाहिलं होतं आणि तिन्ही वर्षं माझ्या कुंड्यांत काळे ठिपके उरले होते.

म्हणून आमच्यात रिवाज पडला होता. संक्रांतीनंतरच्या रविवारी सगळ्यांनी आपापले खुंट घेऊन ताराबाई पार्कात डॉक्टरांच्या बंगल्यावर जमायचं. हे डॉक्टर म्हणजे आमचे अध्यक्ष. कुणी रिक्षातून, कुणी हातगाडीवरून, कुणी सायकलच्या कॅरिअरला बांधून कुंड्या आणायचे. मामा आंब्याखाली पाटावर बसायचे आणि एकामागून एक डोळे भरत जायचे. समोर चहाचा कप गार व्हायचा. कुणी काही विचारलं तर हुं म्हणायचे. संध्याकाळी पाटावरून उठताना कमरेवर हात ठेवून तेवढं एकच वाक्य बोलायचे, "चला, झालं यंदाचं." आणि खरंच, व्हायचं. शंभरातले चार-पाच गेले तर गेले.

मी सांगते आहे त्या वर्षी मामांच्या हातून चाकू दोनदा खाली पडला. "थंडी लई हाय," ते म्हणाले. थंडी होती हे खरं. आम्ही कुणी मनावर घेतलं नाही.

तीन आठवड्यांनी मी सोप सोडून पाहिले. सगळे डोळे काळे. मी आधी नवऱ्यावर घसरले, कारण पाणी घालायचं काम त्यांचं होतं. दोन दिवस घरात धुसफूस चालली. मग मंडईत वकीलवहिनी भेटल्या. आमच्या या वकीलवहिनींचं प्रदर्शनातलं पहिलं बक्षीस कधी चुकत नसे. त्या मेथीच्या जुड्या उलटसुलट करत म्हणाल्या, "तुमचे कसे आहेत हो यंदा?" मी म्हटलं, "आहेत बरे. तुमचे?" त्या म्हणाल्या, "आहेत." आणि आम्ही दोघी एकमेकींच्या तोंडाकडे बघत उभ्या राहिलो. माळ्याचं खोटं माळ्याला लगेच कळतं. दोन दिवसांत उलगडा झाला. एकाही घरात धड दहा डोळे लागलेले नव्हते, आणि जो तो आपल्याच पाण्याला, आपल्याच मातीला दोष देत गप्प बसला होता.

डॉक्टरांनी आम्हा चार-पाच जणांना बोलावून घेतलं. म्हणाले, "त्यांचा हात कापतो. मी त्या रविवारीच पाहिलं होतं. बोलायला जीभ रेटली नाही." आणि मग हळू आवाजात, "हे आता वाढत जाणारं दुखणं आहे."

मला रडूच आलं, खोटं कशाला सांगू. मामांचा तो हात मला माझ्या वडिलांच्या हातापेक्षाही जास्त ओळखीचा होता. वकीलवहिनी म्हणाल्या, त्यांना हे कळता कामा नये. सगळ्यांनी माना हलवल्या. पन्हाळ्याच्या पायथ्याला एक रोपवाटिकावाला होता. त्याला एके दिवशी फाटक लावून डॉक्टरांच्या आवारात बसवला आणि सगळ्या कुंड्या पुन्हा भरून घेतल्या. जुन्या छेदाच्या बोटभर वर त्याने नवे डोळे बसवले. ते लागले. आम्हाला फार मोठं पुण्यकर्म केल्यासारखं वाटलं. मामांनी विचारलं तेव्हा प्रत्येकाने छातीठोकपणे सांगितलं, "झकास लागलेत मामा, नेहमीसारखे."

पण लपवाछपवी एकदा सुरू केली की ती आपल्याला पळवते. पाऊस सरला, ऑक्टोबर आला, म्हणजे छाटणी आली. दर वर्षी छाटणीला मामा सायकलवरून घरोघर जायचे. ते आले असते तर बुंध्याकडे बघून त्यांना सगळं कळलं असतं. म्हणून आम्ही आपसांत ठरवून त्यांना बोलावलंच नाही. कुणाच्या घरी पाहुणे आले, कुणाच्या घराला रंग लागला. मी सहामाहीच्या पेपरांची सबब शोधली.

ते मात्र आले. एका रविवारी सकाळी फाटकाशी घंटी वाजली. मामा एक पाय जमिनीला टेकवून सायकलवर बसलेले, हँडलला छाटणीच्या कात्रीची पिशवी.

"बाई, छाटणी कवा करायची?"

"मामा, पेपरांचा ढीग पडलाय हो."

"मग तुम्ही पेपर बगा की. मी आपला मागनं छाटत बसतो. चा सुदिक नको."

"नको मामा, मी असताना या. मी निरोप पाठवते."

त्यांनी माझ्या खांद्यावरून आत, बागेकडे, एकदा पाहिलं. मी फाटकाच्या कडीवर हात ठेवून उभी होते. तो हात काढावा असं मला वाटत होतं, आणि मी काढला नाही. "बरं," ते म्हणाले, "सांगा मग." सायकल वळवून ते गेले. मी निरोप पाठवला नाही. गुलाब मी माझे मीच छाटले, वाकडेतिकडे, आणि छाटताना स्वतःवर चरफडत राहिले.

दिवाळीत मन खायला लागलं. फराळाचा डबा घेतला आणि डोक्यात एक कल्पना आली. नव्या झाडांतली सर्वांत चांगली फुललेली एक कुंडी उचलली, रिक्षात मांडीवर घेतली आणि मंगळवार पेठ गाठली. मामांना त्यांच्या हातचा गुलाब फुललेला दाखवावा, म्हणजे त्यांना बरं वाटेल, असा माझा हिशेब. मामींनी चहा टाकला. मामांनी कुंडी पुढ्यात ओढून घेतली. फुलाकडे फारसं पाहिलं नाही. अंगठा बुंध्यापाशी नेला, तिथे तो थोडा वेळ थांबला. मग कुंडी एकदा सगळी फिरवून पाहिली.

"झ्याक आलंय," ते म्हणाले. मग चकली मोडता मोडता, "पेपर झालं का तपासून?"

"झाले," मी म्हटलं, आणि हलक्या मनाने घरी आले.

त्याच सुमारास डॉक्टरांनी सभेत विषय काढला की मंडळाला पंचवीस वर्षं पुरी होताहेत, तर पहिल्या दिवसापासून मंडळासाठी राबलेल्या सभासदाचा प्रदर्शनाच्या दिवशी सत्कार व्हावा. सभासद एकच होता. शाल, श्रीफळ आणि काचेच्या चौकटीतलं मानपत्र. आयुष्यात पहिल्यांदा आमची सभा पाव तासात संपली. मानपत्र लिहायचं माझ्याकडे आलं. मी जीव ओतून लिहिलं. त्यात एक वाक्य होतं, ‘पंचवीस वर्षांत त्यांनी भरलेला डोळा कधी वाया गेला नाही.’

डॉक्टरांनी मसुदा वाचला, चष्मा काढला. "बाई, हे वाक्य ठेवायचं?"

"मानपत्र आहे डॉक्टर," मी फणकारले, "वैद्यकीय दाखला नव्हे."

वाक्य राहिलं. मामांना आधी वाचायला मिळू नये म्हणून मी ते त्यांच्या छापखान्यात न देता शाहूपुरीतल्या दुसऱ्या एका छापखान्यात दिलं. पहिलं प्रूफ मी तपासलं. मालक म्हणाले, शेवटचं प्रूफ आम्ही आमच्या जाणत्या माणसाकडून वाचून घेतो, तुम्ही काळजी करू नका. मला तेवढंच हवं होतं. प्रदर्शनाची कामं डोक्यावर होती.

आमंत्रण द्यायला डॉक्टर आणि मी दोघं मंगळवार पेठेत गेलो. मामांनी सगळं ऐकून घेतलं. हात मांडीखाली दाबून बसले होते. "म्हंजे मला काढताय व्हय?" त्यांनी विचारलं. "शाल घालून, नारळ देऊन? हापिसात करत्यात तसं?"

आम्ही दोघंही मोठमोठ्याने हसलो. छे छे, भलतंच काय, असं काहीबाही बोललो. मामा हसले नाहीत. मामी आतून म्हणाल्या, "जावा की, येवढं बोलवाय आल्यात." तेव्हा म्हणाले, "येतो."

परतताना आम्ही रस्ताभर फक्त प्रदर्शनाच्या टेबलांबद्दल बोललो.

प्रदर्शन जानेवारीत, संक्रांतीच्या आठवड्यात, एका शाळेच्या सभागृहात होतं. लांबच लांब टेबलं, त्यावर डॉक्टरांच्या दवाखान्यातल्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या आणि प्रत्येक बाटलीत एकेक गुलाब. सकाळपासून मी चिठ्ठ्या चिकटवत आणि भांडणं सोडवत पळत होते. वकीलवहिनींच्या बाटलीत कुणी पाणी कमी घातलं, यावरून अर्धा तास गेला. मानपत्राची चौकट चौकटवाल्याकडून थेट आली ती वर्तमानपत्रात गुंडाळलेली. मी ती तशीच व्यासपीठावर नेऊन ठेवली. मजकूर मला पाठच होता.

मामा पांढरा सदरा आणि धुतलेलं धोतर घालून खुर्चीच्या अगदी कडेला बसले होते. मामी पहिल्या रांगेत. डॉक्टरांचं भाषण झालं. मी कागद फाडला, चौकट दोन्ही हातांनी धरली आणि वाचायला लागले. शाळेत शिकवणाऱ्या बाईचा आवाज, शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा. पहिला परिच्छेद झाला, दुसरा झाला. माझं ते लाडकं वाक्य आलं म्हणून मी मान वर करून एक दम घेतला, खाली पाहिलं, आणि ते वाक्य तिथे नव्हतं.

त्याच्या जागी, त्याच टायपात, सुबक छापलेलं होतं: ‘गेल्या हंगामात त्यांनी भरलेले जवळजवळ सर्व डोळे वाया गेले. त्यांच्या हाताला कंप आहे. सभासदांनी प्रेमापोटी हे त्यांच्यापासून लपविले. यंदा छाटणीस त्यांना कोणी बोलाविले नाही. पुढील वर्षी बोलवावे, ही विनंती.’

‘त्यांच्या हाताला कंप आहे’ इथवर माझा आवाज सवयीने गेला आणि मग गेलाच. मी मामांकडे पाहिलं.

"वाचा की, बाई," ते म्हणाले. "परूफ माझ्याकडंच आलतं."

मग मला सगळं एकदम कळलं. हात चालेनासा झाल्यावर त्यांना खिळ्यांवरून उठवलं होतं आणि आता ते गावातल्या तीन-चार छापखान्यांची प्रुफं वाचत होते, हा तपशील मामींकडून मागाहून समजला. यातलं त्यांनी आम्हाला काही सांगितलं नव्हतं, आणि आम्ही विचारलं नव्हतं. दिवाळीत त्या कुंडीच्या बुंध्यावर त्यांचा अंगठा कुठे थांबला तेही कळलं. खाली त्यांचा स्वतःचा छेद, वाळून काळा पडलेला. बोटभर वर दुसऱ्याच्या हातचा डोळा. छाटणीला कुणीच बोलावलं नव्हतं, त्यावरून बाकीच्या घरांचंही त्यांनी ताडलं असणार. पंधरा वर्षं गुलाब लावणारी बाई मी. झाडाच्या बुंध्यावरची खूण पुसली जात नाही, हे मला कळायला हवं होतं. ती कुंडी मी मांडीवर घेऊन, रिक्षा करून, त्यांच्याच दारात नेली होती.

मी उरलेलं वाचलं. रडत वाचलं, सगळ्यांसमोर. ‘पुढील वर्षी बोलवावे’ हे शब्द मला दोन दमांत म्हणावे लागले. ज्या माणसाने आमच्या घराघरांत येऊन पंचवीस वर्षं गुलाब वाढवले, त्याला आपल्याच मानपत्रात, मंडळासमोर, बोलवा म्हणून विनंती करावी लागली होती. ती पाळी आम्ही आणली होती, आणि आणताना आम्हाला आपण फार चांगले आहोत असं वाटत होतं.

डॉक्टर शाल घेऊन उभे होते ते तसेच उभे राहिले. शेवटी मामाच म्हणाले, "घाला की, डॉक्टर. हात अवघडला आसंल." कुणीतरी मागे हसलं, मग बरेच जण हसले, आणि हसता हसता डोळे पुसायला लागले. शाल अंगावर पडल्यावर मामा उठले. माइकपर्यंत गेले नाहीत, खुर्चीपाशी उभे राहूनच बोलले.

"मला भाषाण येत न्हाय. राग न्हाय माझा कुणावर. माझा हात चालत न्हाय, येवढंच. कुठला डोळा घ्यायचा, कुठं छाटायचं, ते मला अजून समजतंय. तेवढ्यापायी तरी बोलवा. घरात बसून लई कंटाळा येतोय बगा."

टाळ्या किती वाजल्या ते मला आठवत नाही. मामींनी पदर तोंडाला लावलेला आठवतो.

पुढच्या रविवारी डॉक्टरांच्या आवारात पाच पाट मांडले. पाच जणांच्या हातात चाकू, आणि मामा आमच्या मागून फिरत होते. त्यांच्या कापऱ्या हातात काडी दिली की अंगठ्याने चाचपून ते नेमका डोळा दाखवत. "ह्यो. ह्यो न्हाय, त्यो अजून कवळा हाय." छेद खोल गेला की माझ्या डोक्यावरून ओरडत. वर्गात मी पोरांना इतकं बोलले नव्हते तितकं त्यांनी मला त्या एका दिवसात ऐकवलं. आमचे निम्मे डोळे लागले. मामांच्या मते ते फारच कमी होते.

ऑक्टोबर आला. या वेळी मी निरोपावर थांबले नाही. शाळा सुटल्यावर स्वतः मंगळवार पेठेत गेले आणि म्हटलं, "मामा, उद्या छाटणीला यायचं. सकाळी लवकर."

मामांनी खुंटीवरची वही काढली, चष्मा लावला, पानं उलटली.

"उद्या वकिलाकडं हाय. परवा डॉक्टरांकडं. मग पुढं दोन दिवस राजारामपुरीत," ते म्हणाले. "बाई, तुमचं बुधवारच्या आत जमायचं न्हाय."

मला उद्या हवं होतं. मी मंडळाची चिटणीस होते. मला आधी राग आला, आणि मग फार आनंद झाला. मी म्हटलं, बुधवारी या, मामा. कात्रीला धार लावून ठेवते.